द्राक्षाच्या काडीचा मालक कोण?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षशेती पिढ्यान्पिढ्या एका साध्या व्यवहारावर वाढली. एखाद्याच्या बागेत घड भरदार लागला, मणी लांबट आला, माल चार दिवस जास्त टिकला, की शेजारी, सोयरे, लांबच्या गावचे पाहुणे ती बाग पाहायला येत आणि जाताना काड्यांची मोळी घेऊन जात. त्या काडीची किंमत विचारण्याची रीत नव्हती. काडी देणारा उद्या दुसऱ्या कुणाच्या बांधावर काडी मागायला जाणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असे.

आज त्याच शिवारांत अशा बागा उभ्या आहेत, की ज्यांतील एक काडी शेजाऱ्याला देणे हा करारभंग ठरतो. बाग शेतकऱ्याची, पाणी आणि खत त्याचे, कर्ज त्याच्या नावावर. परंतु वेल वाढवण्याचा अधिकार दूरदेशीच्या एखाद्या पैदासकार संस्थेचा. बौद्धिक संपदा हा शब्द अनेक कार्यकर्त्यांना अद्याप वकिलांचा आणि संगणक कंपन्यांचा वाटतो. नाशिक जिल्ह्यात तो केव्हाच द्राक्षाच्या मांडवावर जाऊन पोहोचला आहे. म्हणून या विषयाचा विचार कायद्याच्या पुस्तकापासून सुरू न करता बागेपासून सुरू केला पाहिजे.

ज्या द्राक्षाने या जिल्ह्याला निर्यातीचे दिवस दाखवले त्या 'थॉमसन सीडलेस'चीच कहाणी पाहावी. नाव अमेरिकी आहे. विल्यम थॉमसन या बागाईतदाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात ती लावली म्हणून तिला त्याचे नाव पडले. वेल मात्र पश्चिम आशियातील, सुलताना किंवा किशमिश या नावाने शतकानुशतके तिकडच्या शेतकऱ्यांनी जपलेली. आज जगाच्या बाजारात खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिनबियांच्या द्राक्षांत बिनबीपणाचा गुण याच वेलीच्या वंशातून आला आहे. त्या मूळ शेतकऱ्यांची नावे कोणत्याही नोंदवहीत नाहीत आणि त्यांना कोणी स्वामित्वधन दिलेले नाही.

हीच वेल महाराष्ट्रात आली आणि येथील शेतकऱ्यांनी तिच्यात आणखी भर घातली. सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या बागेत निवडीने 'तास-ए-गणेश' पुढे आली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' निवडली. त्या नावातच सोलापूर आणि काळे हे आडनाव दडलेले आहे. हजारो वेलींमध्ये वेगळी दिसलेली एक फांदी ओळखणे, ती वेगळी लावणे, वर्षानुवर्षे तिच्यावर नजर ठेवणे, हे संशोधनच होय. त्याला प्रयोगशाळेचे छप्पर नव्हते एवढेच. अशा निवडी सांगली-सोलापुरातून नाशिकपर्यंत आणि नाशिकमधून इतरत्र पसरल्या त्या प्रामुख्याने काडीच्या देवघेवीतून. महाराष्ट्राची द्राक्षशेती उभी राहिली ती सामायिक ज्ञानाच्या पायावर, ही गोष्ट विसरून पुढच्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही.

तथापि या इतिहासाचा अभिमान बाळगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुने वाण आज शेतकऱ्याला पुरेसे साथ देत नाहीत. थॉमसनच्या जातकुळीतील द्राक्षाला मणी फुगवण्यासाठी संजीवकांच्या बुडवण्या लागतात, विरळणीला मजूर लागतात, आणि अवकाळी पाऊस आला की तयार मणी तडकतात. गेल्या काही वर्षांतील ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने नाशिकचे बागाईतदार किती वेळा हवालदिल झाले, हे या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. दुसरीकडे चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका येथील द्राक्षे नव्या वाणांच्या बळावर युरोपच्या दुकानांत जागा पटकावत आहेत. बिनबियांच्या दोन जातींचा संकर करायचा तर कोवळा गर्भ वेळीच बाहेर काढून काचपात्रात वाढवावा लागतो. हजारो रोपांतून एखादे निवडले जाते आणि त्यात दहा-पंधरा वर्षे निघून जातात. हे श्रम खरे आहेत. त्या श्रमांचा मोबदला मिळाला पाहिजे, हे तत्त्व समाजवाद्यांनी नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न मोबदल्याचा नसून मोबदल्याच्या नावाने येणाऱ्या मक्तेदारीचा आहे.

येथे कायदा नेमका काय म्हणतो ते पाहणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत बागाईतदारांत मोठा गैरसमज आहे. बोलण्यात सर्रास 'पेटंटची द्राक्षे' असा शब्दप्रयोग केला जातो. वस्तुतः भारतात वनस्पतीचे पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणे, वाण हे पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. अमेरिकेत मिळालेल्या पेटंटचा अंमल अमेरिकेच्या सीमेवर संपतो. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू झालेल्या ट्रिप्स कराराने वाणांना काही ना काही संरक्षण देणे बंधनकारक केले. परंतु ते पेटंटनेच द्यावे अशी सक्ती केली नाही. त्या सवलतीचा उपयोग करून भारतीय संसदेने २००१ मध्ये वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. नावातच शेतकऱ्याचा हक्क घालणारा हा कायदा जगात वेगळा आहे, आणि तो सहजासहजी झालेला नाही. डंकेल प्रस्तावांच्या काळात देशभर जो विरोध संघटित झाला, त्याची छाया या कायद्यावर स्पष्ट दिसते.

या कायद्याने नोंदणी झालेल्या वाणावर पैदासकाराला हक्क मिळतो. वृक्ष आणि वेली यांच्याबाबत तो जास्तीत जास्त १८ वर्षे टिकतो. परंतु कलम ३९ ने शेतकऱ्याला अधिकार दिला आहे, की संरक्षित वाणाचे बियाणेसुद्धा तो राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकू शकतो. अट एवढीच, की ते छापील नाममुद्रा लावून विकता येणार नाही. आणि बियाणे म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्यातून त्याच जातीचे नवे झाड उगवू शकते असा कोणताही जिवंत भाग. द्राक्षाची काडी या व्याख्येत बसते. म्हणजे बांधावरची काडीची जुनी देवघेव भारतीय संसदेने कायद्यात लिहून मान्य केली आहे. ही गोष्ट गावोगाव किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावा.

केवळ कायद्यात लिहिल्याने हक्क हातात येत नाही, याचा धडा गुजरातने दिला. पेप्सिको कंपनीने आपल्या वेफर्ससाठी वापरल्या जाणाऱ्या बटाट्याचे एक वाण २०१६ मध्ये नोंदवून घेतले, आणि २०१९ मध्ये ते वाण परवानगीशिवाय लावल्याचा आरोप ठेवून गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले. काही छोट्या शेतकऱ्यांकडून तर प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली गेली. कलम ३९ पुस्तकात होतेच. तरी दावा दाखल झाला. देशभर संताप उसळल्यावर मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. पुढे एका कार्यकर्तीच्या अर्जावरून वाण प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ती नोंदणीच रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने जुलै २०२३ मध्ये हा निर्णय कायम केला. मात्र जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने तो फिरवून कंपनीच्या बाजूने निकाल दिला. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते ती ही, की शेतकऱ्याला वाचवले ते प्रथम संघटित आवाजाने. कलमाचा आधार त्या आवाजाला मिळाला म्हणून ते कलम जिवंत झाले. एकट्या शेतकऱ्याच्या हातात कायद्याचे पुस्तक देऊन त्याला कोटी रुपयांच्या दाव्यासमोर उभे करणे हा न्याय नव्हे.

बटाट्यापेक्षा द्राक्षाचा गुंता अधिक अवघड आहे. नाशिकचा बागाईतदार निर्यातीसाठी पिकवतो. देशातून बाहेर जाणाऱ्या द्राक्षांत या जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. आता समजा, एखाद्याने कलम ३९ च्या आधाराने संरक्षित वाणाची काडी घेऊन बाग उभी केली. येथील कायदा त्याला दोषी ठरवणार नाही. परंतु त्याचे द्राक्ष रॉटरडॅमच्या बंदरात उतरले की तेथे युरोपीय संघाचा कायदा लागू होतो. त्या कायद्याने वेलींच्या वाणांना ३० वर्षांचे संरक्षण दिले आहे, आणि विनापरवाना लागवडीतून आलेल्या फळावरही पैदासकार हक्क सांगू शकतो. परिणामी शेतकऱ्याला दिंडोरीत मिळालेले स्वातंत्र्य रॉटरडॅममध्ये निरुपयोगी ठरते. ज्याच्या हातात बाजाराची किल्ली, त्याच्या हातात वाणाची किल्ली, अशी ही रचना आहे. म्हणूनच परवाना घेण्यावाचून गत्यंतर नाही असे निर्यातदार म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

मग खरे बंधन कशात आहे? ते करारात आहे. परवान्याचा करार हे आजच्या द्राक्षबागेतील सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र बनले आहे, आणि तेच सर्वांत कमी वाचले जाते. कायद्याने दिलेला काडी देण्याचा हक्क करारातील एका ओळीने शेतकऱ्याच्या हातून जाऊ शकतो काय? कलम ३९ ची सुरुवात 'या कायद्यात काहीही असले तरी' अशा आशयाच्या शब्दांनी होते. करार त्या हक्काच्या आड आला तर काय, हे मात्र कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही. कायद्याचा उद्देश विफल करणारा करार रद्दबातल ठरतो, हे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २३ चे तत्त्व येथे लावता येईल असा युक्तिवाद भक्कमपणे मांडता येतो. तो एखाद्या एकाकी बागाईतदाराने नव्हे, तर संघटनेने मांडला पाहिजे. त्याहून बरे, संसदेने एक ओळ वाढवून हा संदेह संपवावा. कामगार कायद्यांत किमान वेतन करारानेही सोडता येत नाही. शेतकऱ्याचा किमान हक्कही तसाच करारापलीकडचा असला पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातील एका घडामोडीची येथे नोंद घेतली पाहिजे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने कॅलिफोर्नियातील 'आरा' मालिकेतील वाणांचे परवाने मिळवून ती सभासदांच्या बागांत आणली. परदेशी पैदासकारासमोर एकेकटा शेतकरी न बसता शेतकऱ्यांची संस्था बसली, हे पाऊल पुढचेच आहे. तथापि संस्था शेतकऱ्यांची असली तरी वाण परक्याचे राहते आणि परवान्याबाहेरचा लहान बागाईतदार कुंपणाबाहेर उभा राहतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकीकडे बाजार असलेले वाण आणि दुसरीकडे बाजार गमावलेले वाण, अशी नवी विषमता त्यातून निर्माण होऊ शकते. सहकाराने परवाना मिळवणे हा मार्गातील मुक्काम होय. त्याला शेवटचे गाव समजू नये.

शेवटचे गाव सार्वजनिक संशोधनाचे आहे. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून काम करते. 'मांजरी नवीन', 'मांजरी श्यामा', 'मांजरी मेडिका' ही तिथली वाणे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रसासाठी 'एआरआय-५१६' दिले. या संस्थांची गुणवत्ता कमी नाही. कमी आहे तो पैसा, सातत्य आणि शेतकऱ्यांशी असलेला सेंद्रिय संबंध. ज्या बागाईतदारांनी 'सोनाका' निवडली त्यांचे वारस आजही बागांत आहेत. त्यांची नजर आणि केंद्राची प्रयोगशाळा यांची सांगड घातली गेली, आणि तयार झालेले वाण जगभर नोंदवून भारतीय शेतकऱ्याला नाममात्र शुल्कात मिळाले, तर रॉटरडॅमच्या बंदरातही ते अडणार नाही. बौद्धिक संपदेचा कायदा सार्वजनिक हातातही चालतो. तो खाजगी हातातच चालावा असा निसर्गनियम नाही.

याच कायद्याच्या कुळातील एक सामूहिक नमुना नाशिकच्या दारात आहे. 'नाशिकची द्राक्षे' या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. ही संपदा कोणा एका कंपनीची नसते. त्या भूभागातील सर्व उत्पादकांची असते. मात्र वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यालाच ती अधिकाराने वापरता येते. येथेही हक्क आहे आणि तो घ्यायला जाणारे हात कमी आहेत.

आता काडीइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट. निर्यातीच्या द्राक्षासाठी 'अपेडा'ची ग्रेपनेट ही नोंदव्यवस्था सुमारे वीस वर्षांपासून चालू आहे. प्लॉटचा क्रमांक, फवारणीची नोंद, औषधांच्या अंशांची तपासणी, सारे त्यात असते. ग्राहकाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच होते. त्यानंतर आले मोबाइलवरचे सल्ले, बागेतील हवामानयंत्रे, आणि अलीकडे ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक. महाराष्ट्रात कृषी योजनांच्या लाभासाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक करण्यात आला. शेतकऱ्याच्या मातीची, पाण्याची, रोगाची, उत्पन्नाची वर्षानुवर्षांची माहिती अशा रीतीने इतरांच्या यंत्रांत साठत आहे. या माहितीवरून उद्या सल्ल्याचे यंत्र शिकेल, विम्याचा हप्ता ठरेल, कर्जदाराची पत जोखली जाईल, आणि व्यापाऱ्याला माल किती येणार ते शेतकऱ्याआधी कळेल. जुन्या काळी सावकाराच्या वहीत शेतकऱ्याचे जीवन लिहिलेले असे आणि ती वही वाचण्याचा अधिकार फक्त सावकाराला असे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी आधी कर्जाचे रोखे मागितले होते, हा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही.

या माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हायचा आहे. कायदा हवाच होता. परंतु त्याच्या दोन उणिवा कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी, की माहितीची हेळसांड झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई मागण्याचा जो मार्ग माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३(ए) मध्ये होता, तो वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. दुसरी अशी, की हा कायदा व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या माहितीपुरता आहे. नाव पुसून हजार बागांची माहिती एकत्र केली, की ती त्याच्या कक्षेतून निसटते. आणि बाजारात खरी किंमत तिलाच असते. काडी जशी एका बागेतून आली पण ज्ञान साऱ्यांचे होते, तशी ही माहितीही साऱ्यांची आहे. तिच्यावर साऱ्यांचा हक्क सांगणारा कायदा अद्याप झालेला नाही.

तर मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? मोर्चा आणि ठराव यांची वेळ येईल तेव्हा येवो. त्याआधीची कामे लहान आहेत आणि ती उद्यापासून करता येतात.

परवान्याचा करार मराठीत मिळालाच पाहिजे, ही मागणी गावोगाव धरावी. आणि सही करण्यापूर्वी तो चावडीवर, सोसायटीत मोठ्याने वाचला जावा. नोंदणी झालेल्या वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही तर कलम ३९(२) खाली प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी लागवडीच्या वेळी दिलेली आश्वासने लेखी घेऊन ठेवावीत. कुणाच्या बागेत वेगळी फांदी दिसली असेल तर ते वाण शेतकऱ्याच्या नावाने नोंदवावे. शेतकऱ्याला त्यासाठी शुल्क लागत नाही. वाण पुरेसे किंवा रास्त दराने मिळत नसेल तर नोंदणीला तीन वर्षे झाल्यावर सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय कलम ४७ मध्ये आहे. तिचा अभ्यास व्हावा. भारताने युपोव संघटनेची १९९१ ची कडक चौकट स्वीकारावी असा आग्रह परदेशी व्यापारी वाटाघाटींतून पुन्हा पुन्हा पुढे येतो. त्या चौकटीत शेतकऱ्यांमधील बियाण्याची खुली देवघेव बसत नाही. म्हणून प्रत्येक व्यापार कराराच्या वेळी खासदारांना याबाबत जाब विचारला पाहिजे. आणि बागांची माहिती ज्या संस्थेकडे साठते, तिने ती कुणाला, कशासाठी, किती मोबदल्यात दिली, याचा हिशेब वार्षिक सभेत सभासदांसमोर ठेवावा. सहकारी कारखान्याच्या सभेत उसाच्या वजनाचा हिशेब मागितला जातो, तसाच हा मागावा.

साथींनो, नवे वाण हवे, नवी यंत्रे हवीत, संशोधकाला त्याचा वाटाही हवा. समाजवादी विचार नव्याला कधी भ्यालेला नाही. परंतु जे ज्ञान पश्चिम आशियातील अनाम शेतकऱ्यांपासून बोरगाव-नान्नजच्या बागांपर्यंत हातोहात चालत आले, त्याला शेवटच्या माणसाने कुलूप लावावे आणि आधीच्या साऱ्यांच्या वारसांकडून भाडे घ्यावे, ही गोष्ट न्यायाला धरून नाही. पुढच्या कलमांच्या हंगामात बांधावर काडी मागायला आलेल्या शेजाऱ्याला 'देता येत नाही' एवढेच उत्तर मिळाले, तर त्याला कायदा समजावून सांगणारा एक तरी कार्यकर्ता त्या गावात असावा.